पुरुषभर आरसा

शाळेतले खडू नाहीसे व्हायला लागले, तेव्हा मी पहिला संशय उंदरांवर घेतला. दुसरा आमच्या ह्यांच्यावर. हे बोरजाईवाडीचे पोस्टमास्तर, मी तिथल्याच मुलींच्या शाळेची बाई. लढाईचं ते पाचवं वर्ष. पोस्टात लाखेपासून सुतळीपर्यंत सगळ्याची टंचाई, आणि ह्यांना घरातली वस्तू पोस्टात नेण्याची सवय. "खडूनं पाकिटं चिकटतात का?" असं ह्यांनी विचारल्यावर तो संशय मी मागे घेतला. पुरता नाही, पण घेतला.

तिसरा संशय घ्यायची वेळच आली नाही. सोमवारी कवायत चालू असताना राहीच्या तोंडावर घाम आला, आणि गळक्या पन्हळीखालच्या भिंतीवर दिसतात तसे पांढऱ्या गालांवर काळे ओघळ उतरले. राही म्हणजे म्हसवडकडून मेंढरं घेऊन आलेल्या आणि इथंच शेतीला लागलेल्या घरातली पोर. वय तेरा. सहावीत पहिली. मी तिला बाजूला घेतलं.

"बाई, म्या चोरी न्हाई केली," ती रडत म्हणाली. "रोज दोनच घ्येत हुती."

"दोन कशाला?"

"येका खडूत येकच गाल हुतो, बाई."

आता ह्यावर छडी कुठं मारायची? मी आपली गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना प्रसंगाचं गांभीर्य कळेल.

त्याच आठवड्यात बनी पावकीचा पाढा म्हणता म्हणता धाडकन खाली पडली. बनी आमची शेजारीण दगडाबाई, तिची भाची. अंगानं भरलेली, हसरी मुलगी. तोंडावर पाणी मारलं तशी शुद्धीवर आली. विचारलं तर महिनाभर अर्धी भाकरी, आणि आता चार दिवस नुसतं चिंचेचं पाणी पोटात. आत्या तिला येताजाता धान्याची 'कणगी' म्हणायची, म्हणून बनी आपली भाकरी लुगड्याच्या ओच्यात लपवून गल्लीतल्या कुत्र्याला घालत होती. ते कुत्रं एवढ्या टंचाईत अंग कसं धरतंय, ह्याचा मला महिनाभर संशय होताच. पण मी तो भलत्याच माणसांवर घेत होते.

आणि तिसरी तानू. शाळेची माडी ज्यांच्या मालकीची, त्या सुभेदार लालासाहेबांची धाकटी मुलगी. चौदा वर्षांची, आणि माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. (माझ्यापेक्षा उंच असणं हे फार अवघड नाही, असं ह्यांचं म्हणणं. ते त्यांनी स्वतःजवळ ठेवावं.) तिची आई तिला सारखी सांगायची, "वाकून चाल, पावनं बघत्यात." त्यामुळं ती पोर भर रस्त्यात भांगलणीला निघाल्यासारखी चाले. धडा वाचायला उभी केली तरी मान खाली, खांदे पुढं. पाठीला पोक यायला लागलं होतं.

मी तिघींना मधल्या सुट्टीत बसवून घेतलं. म्हटलं, "राही, तू काळी आहेस हे तुला कोणी सांगितलं?"

"चुलतीनं."

"बनी, तू जाड आहेस हे?"

"आत्यानं."

"तानू, तू उंच..."

"समद्यांनी," तानू जमिनीकडं बघत म्हणाली.

"आणि तुम्ही स्वतः कधी बघितलंत?"

तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. राहीनं कनवटीचा आरसा काढला. पत्र्याच्या डबीचं झाकण होतं ते, आत रुपयाएवढी काच. त्यात एका वेळेला एक डोळा किंवा एक नाकपुडी. सगळा चेहरा बघायचा तर तिला दोन दिवस लागले असते. बनीच्या घरी आरसा होता, पण तो वडलांनी दाढीसाठी आपल्या उंचीवर खिळ्याला टांगलेला. त्यात बनीला फक्त स्वतःचा भांग दिसे. आणि तानू विहिरीत बघे. "इहिरीत समदीच लांबुडकी दिसत्यात, बाई," ती म्हणाली.

म्हणजे तिघींनी स्वतःला कधी अख्खं पाहिलेलंच नव्हतं! दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या तुकड्यांची गोधडी शिवून त्याच गोधडीला त्या 'मी' म्हणत होत्या. माझ्या मनात त्याच क्षणी विचार आला, आणि माझ्या मनात विचार आला की हे पोस्टात जाऊन बसतात. शाळेत एक मोठा आरसा हवा. डोक्यापासून पायापर्यंत दाखवणारा. पोरींनी एकदा स्वतःला नीट बघावं, आणि मग काय ते ठरवावं.

मी स्कूल बोर्डाकडं अर्ज केला : 'पुरुषभर उंचीचा एक आरसा मिळावा.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'शाळा मुलींची असता पुरुषाच्या आरशाची आवश्यकता काय, ह्याचा खुलासा व्हावा.'

मी लिहिलं, पुरुषभर हे माप आहे. विहीरसुद्धा दोन पुरुष खोल असते, म्हणून काही तिच्यात पुरुष नसतात.

उत्तर : 'विहिरीचा उल्लेख अर्जात पूर्वी नव्हता. विहीर शाळेच्या आवारात आहे काय? असल्यास तीस कठडा आहे काय?'

ह्या कठड्यात आणखी दीड महिना गेला. शेवटी आरसा कोणत्या विषयाकरिता, अशी विचारणा झाली. मी 'आरोग्य व वस्तुपाठ' असं ठोकून दिलं, आणि मंजुरी आली : 'लढाईमुळे काच उपलब्ध नाही. बाईंनी आरसा स्वतः पैदा केल्यास शाळेच्या दप्तरी नोंद घेण्यास हरकत नाही.' सरकारची उदारता असते ती अशी.

एव्हाना गावात बातमी फुटली होती. दगडाबाई परसातल्या भिंतीवरून म्हणाली, "आवं बाई, पोरीबाळीनं एवढ्या मोठ्या आरशात बघू नगासा. दुसऱ्याची दिष्ट काढता येती. सवताची सवताला लागली तर मीठमोहऱ्या कुणावरनं उतरायच्या?"

लालासाहेब स्वतः माडीवर आले. सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेले, पहिल्या लढाईत बसऱ्याला होते. मिशा अशा की दारातून आधी त्या आत येत. माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "बाई, ह्यात तुमचा डाव काय?"

"डाव कसला? पोरींना स्वतःचं तोंड दिसावं."

"पोरीचं तोंड बघाया पावनं येत्यात की. तिनं बघून काय करायचं?"

ह्यावर उत्तर होतं. पण माडी त्यांची होती.

आरसा मिळाला सांगलीत. तिथं एक नाटक कंपनी बोलपटांपुढं टिकाव न लागून बंद पडली होती, आणि तिचं सामान एका वखारीत धूळ खात होतं. मालक सयाजीराव. साठीचे, पण बसण्याची ढब अजून अशी की पदर सावरतील असं वाटावं. तरुणपणी ते नायिकेची कामं करत. दोन खांबांच्या चौकटीत कुयरीच्या आकाराच्या खिळीवर पुढं-मागं कलणारा तो आरसा त्यांच्याच रंगपटातला. मुलगी द्यावी तसं त्यांनी मला विचारलं : घरी कोण कोण? ऊन लागेल का? ओल आहे का? आणि शेवटी, "मुली ह्यात काय बघणार?"

मी राहीचे खडू, बनीची चिंच, तानूचं पोक, सगळं सांगितलं. सयाजीरावांनी चौकटीवरून हात फिरवला.

"वीस वर्षं मी ह्याच्यापुढं शालू नेसलो," ते म्हणाले. "रोज एकच दिसायचं. खांदे रुंद आहेत. थिएटर भरलेलं, लोक जीव टाकताहेत, आणि मी आपला आत खांदे आवळून उभा. एकदा तरी ह्यात नुसतं बघायला हवं होतं, बाई. मी नेहमी चूकच शोधली." मग उठून त्यांनी काचेवरची धूळ स्वतःच्या धोतरानं पुसली. "घेऊन जा. दाम नको."

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा कधी विश्वास नसतो. मी आरसा पुढून-मागून तपासला. एक कोपरा पारा उडालेला, बाकी ठीक होता.

वाकळेत गुंडाळून, सुतळीनं बांधून तो सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवला. पेट्रोल मिळत नसल्यानं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चालत म्हणजे उतार असेल तिथं. चढ आला की उतारूंनी उतरून मागून ढकलायची. टपावरचं ते लांबट, वाकळेतलं गाठोडं बघून एका म्हातारीनं हात जोडले. "कवा गेलं?" तिनं मला विचारलं. "आज सकाळी," मी म्हटलं. मी सांगलीहून निघाल्याची वेळ सांगत होते. पुढचे दोन कोस सगळी मोटार माझं सांत्वन करत होती, आणि खुलासा करायला मला जागाच मिळेना. एका गृहस्थानं आपली बसायची जागा दिली, तेव्हा मी खुलासा करायचं सोडून दिलं.

संस्थानची हद्द संपते त्या नाक्यावर पोलिसानं मोटार अडवली. ते दिवस असे होते, की आमच्या मुलखात डोंगरात भूमिगत मंडळी आणि रस्त्यावर पोलीस, आणि दोघांनाही मधल्या प्रत्येक माणसाचा संशय. "बंदुका हायत्या का?" म्हणून त्यानं गाठोडं खाली घ्यायला लावलं, सुतळी तोडली आणि वाकळ ओढली. समोर एक पोलीस उभा! दोघंही दचकले. मग आमच्या पोलिसानं हळूच पगडी सरळ केली. पट्टा वर ओढला. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. पाच मिनिटं झाली. मागं दोन बैलगाड्या तटल्या. "जाऊ द्या," शेवटी तो म्हणाला, पण मोटार हलेपर्यंत आमच्या मागं बघत राहिला.

माडीवर पश्चिमेच्या खिडकीसमोर आरसा उभा केला. मी नियम घातले. एका वेळी एकीनं यायचं. बाकीच्यांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. बघणारीनं, पाहिजे तर, जे दिसतं तेवढंच सांगायचं.

राही पहिली. खडू न लावता आली होती. बघत बघत म्हणाली, "बाई, माझं दात लय झ्याक हायती." हे तिला तेरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. काळेपणाबद्दल बोलायचं ती विसरूनच गेली.

बनीनं समोरून बघितलं, कुशीवर वळून बघितलं. "आत्या म्हंती तेवढी न्हाई," ती म्हणाली. परत बघितलं. "न्हाई, तेवढीच हाय. पर आत्या म्हंती तसं वंगाळ दिसत न्हाई की." त्या दुपारी गल्लीतलं कुत्रं उपाशी राहिलं. ते आमच्या दारात येऊन संशयानं माझ्याकडं बघत बसलं.

आणि तानू. ती पोक काढून उभी राहिली तेव्हा आरशात मावली. मी म्हटलं, "सरळ हो." ती सरळ झाली तशी तिचं डोकं चौकटीच्या वर गेलं. मग तिनं आरसा मागं कलवला. पुढं घेतला. परत मागं कलवला. कुठल्याही कोनात ती पुरी मावेना; पण पाय दिसले, मग कंबर, मग हनुवटी, मग हसणारं तोंड. एकतीस पोरी रोज चारच्या सुमाराला पाळीपाळीनं येत, आणि प्रत्येक जण आपल्या उंचीप्रमाणं आरसा कलवी.

खिडकी पश्चिमेची. ऊन चारचं. आणि समोर डोंगर. ह्या तीन गोष्टी एकत्र केल्या तर काय होतं हे मी स्वतः वस्तुपाठात शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं आपल्याला लागू असतं, हे शिक्षकाच्या कुठं ध्यानात असतं?

आठ-दहा दिवसांनी लालासाहेब उसाला पाणी पाजत असताना त्यांच्या डोळ्यावर लख्खन उजेड आला. परत आला. लांब, लांब. आखूड, आखूड. लांब. ते बसऱ्याला हेलिओवर होते, म्हणजे आरशानं उन्हाचे इशारे करण्याच्या पलटणीत. पंचवीस वर्षांनी कोणी आपल्या भाषेत बोलावं तसा माणूस बांधावर उभा राहिला, आणि इशारे वाचत चावडीवर आला.

"येम. ई. ई. टी," ते म्हणाले. "मीट! म्हंजे भेटा. माझ्याच माडीवरनं कुणीतरी डोंगराला सांगतंय, भेटा म्हून!"

चावडीवर बोललेलं ठाण्यात पोचायला आमच्याकडं तार लागत नाही. पण ठाण्याच्या आधी ते डोंगरात पोचलं. दुसऱ्या दिवशी हजेरीपटात एक चिठ्ठी मिळाली. अक्षर सुवाच्य होतं. कोणीतरी शाळा बरी केलेली असावी.

'शाळेतून डोंगराकडे इशारे होतात. आमच्या माणसांना अर्थ लागत नाही. तुम्ही पोलिसांस तर खुणावत नाही ना? अर्थ असल्यास कळवावा. नसल्यास बंद करावे.'

मी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'अर्थ नाही. मुली स्वतःला बघतात,' आणि ती हजेरीपटात तशीच ठेवली. कोण घेऊन गेलं मला कळलं नाही. एकतीस पोरींच्या एकतीस घरांवर मी संशय घेतला, तो अजून फिटलेला नाही. उत्तर मात्र लगेच आलं : 'ठीक. बघू द्या. चारनंतर नको, ऊन आमच्यावर येते.'

ही दुसरी चिठ्ठी ह्यांच्या हातात पडली. ह्यांचा चेहरा खडू लावल्यासारखा झाला.

"सरकारी नोकर आहे मी!" हे म्हणाले. "बायको डोंगराशी पत्रव्यवहार करते, आणि तोही तिकीट न लावता!"

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. ह्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि चिठ्ठी तोंडात घालून गिळली. बावीस वर्षांच्या नोकरीत ह्यांच्याकडून टपाल गहाळ झालं ते तेवढंच.

दारात फौजदार होते, दोन शिपाई होते, आणि मागं लालासाहेब. आम्ही सगळे शाळेत गेलो. गावात गडबड ऐकून आयांनी पोरी आधीच घरी नेल्या होत्या. एकतीसमधल्या चार उरल्या. राही, बनी, तानू आणि एक जिला घरी जायची वाट एकटीला माहीत नव्हती. मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या नोकरीची नाही, म्हणजे तिचीही वाटली. पण ही माडी एकदा बंद झाली, की ह्यातल्या किती पोरी परत पाटीला हात लावतील?

फौजदारांनी वही उघडली. "आरसा कशासाठी?"

"बघायला."

"काय बघायला?"

"स्वतःला."

"कोण बघतं?"

"मुली."

"स्वतःला माहीत नाही का आपण कोण ते?" त्यांनी पेन्सिल थांबवून माझ्याकडं असं बघितलं, की मलाच माझ्या बोलण्याचा संशय यायला लागला. "बाई, रोज चार वाजता एकतीस मुली आरशात बघतात आणि त्याचा अर्थ काही नाही, हे मी वर कसं लिहू? सुभेदारांनी शब्द वाचलाय. मीट."

"मीट म्हणजे मटणही होतं," आमचे हे मागून म्हणाले. आवाज जरा गुदमरलेला. चिठ्ठी अजून पुरती उतरली नव्हती.

"त्याचं स्पेलिंग निराळं," फौजदार म्हणाले.

"काय निराळं?"

फौजदारांनी लालासाहेबांकडं बघितलं. लालासाहेबांनी मिशीला हात लावला. "पल्टनीत दोनी येकच," ते म्हणाले. वहीत काय लिहावं ते कोणालाच कळेना.

"ते काही नाही," फौजदार म्हणाले. "इशारा कोण करत होतं? नाव सांगा. नाहीतर शाळेला कुलूप."

लालासाहेबांनी मान डोलावली. "आणि माडी खाली करा, बाई. माझ्या घरात ही भानगड नगं. तानू, चल घरला. उद्यापास्नं शाळा बंद."

मग आरशाजवळून आवाज आला.

"म्या करत हुती."

तानू. मान खालीच होती.

"काय म्हनलीस?" लालासाहेब म्हणाले.

"इशारा न्हवं, आबा. आरसा. म्या त्यात मावत न्हाई. म्हून मागं-फुडं करती." ती फौजदारांकडं वळली. "दावू?"

आणि ती सरळ उभी राहिली. हळूहळू, एकेक मणका उलगडत. खांदे मागं गेले, मान वर आली. तिनं चौकटीला हात लावला, आरसा मागं कलवला, पुढं घेतला. समोरच्या डोंगरावर उजेडाचा ठिपका धावला. लांब, लांब, आखूड, आखूड, लांब.

"हे पाय बघाया," ती म्हणाली. "हे कंबार. आन् हे तोंड."

खिडकीपाशी गेलेला शिपाई म्हणाला, "सायेब, परत तेच. मीट."

पण लालासाहेब डोंगराकडं बघत नव्हते. ते मुलीकडं बघत होते. ती त्यांच्या डोळ्याला डोळा लावून उभी होती. पटक्याचा तुरा सोडला तर दोघं सारखे. माणूस पलटणीत होता, तुर्कांपुढं उभा राहिला होता, पण त्या दिवशी तो एक पाऊल मागं सरला.

"तानू," ते म्हणाले, "तू एवढी कवा झालीस गं?"

"लय दिस झालं, आबा. आई वाकाया सांगती."

त्यांनी मग चावडीवर जाऊन आपण चुकीचं वाचल्याचं स्वतः सांगितलं. पंचवीस वर्षांत उजेडाची बोली विसरायला होतं, म्हणाले. एका पेन्शनर सुभेदाराला हे म्हणायला काय पडलं असेल, ते मला कळलं. माडी राहिली. दोन-तीन दिवसांत पोरी परतायला लागल्या. ह्यांची मात्र जबानी झाली नाही, ह्याचं ह्यांना अजून थोडं वाईट वाटतं.

आरसा राहिला नाही. फौजदार पुष्कळ हळहळले. "मला पटलंय, बाई. पण रिपोर्ट वर गेलाय. आता आरसा निर्दोष असला तरी त्याला यावं लागेल." वाकळेत गुंडाळून, आता सरकारी सुतळीनं बांधून तो गाडीत घातला. एकतीस पोरी रस्त्याला उभ्या राहून रडल्या. मी त्यांना सांगितलं, बघून झालंय ना? मग झालं. ते कोणी जप्त करत नाही. हे वाक्य मला बरं सुचलं होतं, पण बनी म्हणाली, "बाई, म्या आजून मागनं बघितलं न्हवतं."

पुढं महिन्यानं मला ठाण्यात बोलावलं, मुद्देमाल ओळखून सही करायला. आरसा एका खोलीत भिंतीला टेकून उभा होता. काच अशी लखलखत होती, की शिपाई तिला रोज पुसत असावेत असा मला संशय आला. दोघांच्या पगड्याही विलक्षण सरळ होत्या.

"हाच का तो आरसा? नीट समोर उभं राहून सांगा," फौजदार म्हणाले.

मी समोर उभी राहिले. आता खरं सांगायला हवं. सांगलीहून आणला त्या दिवसापासून मी त्याच्यासमोरून दररोज जात होते, पण बाजूनं, वहीत बघत, घाईत असल्यासारखी. एकतीस पोरींना उभं केलं आणि स्वतः एकदाही उभी राहिले नाही. दिसली ती एक ठेंगणी, गोल बाई. छत्री काखेत, कपाळावर आठी, आणि कोणीतरी आपला अपमान करणार आहे म्हणून आधीच तयारीत असलेली. मला तिची जरा दयाच आली. आणि मग, का कोण जाणे, बरीही वाटली. हिनं संस्थानची हद्द ओलांडून एक आरसा आणला होता. आठी काढली तर बाई दिसायला वाईट नव्हती.

"ओळखलं?" फौजदारांनी विचारलं.

"थोडा वेळ द्या," मी म्हटलं.

तानूला बघायला पाहुणे आले ते चैत्रात. तिच्या आईनं मला बोलावून घेतलं, बहुधा लक्ष ठेवायला. पोरीवर की माझ्यावर, ते सांगितलं नाही. सोप्यात पाहुणे बसले. मुलाचा थोरला चुलता वाळकुडा, बारीक डोळ्यांचा माणूस. तानू पोह्यांच्या बशा घेऊन आली. आईनं दाराआडून हातानं खुणावलं : वाक, वाक. तानूनं खूण बघितली. बशा खाली ठेवण्यापुरती वाकली, आणि परत होती तेवढी झाली.

चुलत्यानं तिला खालून वर बघितलं. ह्याला वेळ लागला. मग लालासाहेबांकडं वळून म्हणाला, "पोरगी तशी बरी हाय. पर... उंच न्हाई का वाटत जरा?"

मी लालासाहेबांच्या मिशीकडं बघत होते. ती हलली.

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "पोरगी हाय तेवढीच हाय. तुमचं दार ठेंगणं असंल."

पाहुण्यांनी पोहे अर्धेच ठेवले. ते वेशीबाहेर जाईपर्यंत तानूची आई आत पदर तोंडाला लावून बसली होती, आणि तानू सोप्यात बसून त्यांचे राहिलेले पोहे खात होती.

लालासाहेब माझ्याकडं वळले. "ही समदी तुमची करणी, बाई," ते म्हणाले. "पयल्या दिसापास्नं मला सौंशय हुता."

ते उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"सातवीला बसू द्या तिला औंदा," ते म्हणाले. मग खाकरून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "आन् त्यो आरसा... कवा सुटायचा हाय?"

"का हो?"

"न्हाई, आमची मंडळी येकदा बघू म्हनत हुती," सुभेदार म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप पटक्याकडं गेला.